घरासाठी बंदूक घेताना: गरज, घर, परवाना, खरेदी आणि जपणूक यांचा योग्य क्रम

शस्त्र परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांपैकी बरेच जण आधी शस्त्र पसंत करतात आणि त्याची गरज मागाहून शोधतात. ओळखीच्या कोणाकडे रिव्हॉल्व्हर पाहिलेले असते, तेच आपल्यालाही हवे असे वाटते आणि मग अर्जातल्या कारणाच्या रकान्यात ‘स्वसंरक्षणासाठी’ एवढा एकच शब्द लिहिला जातो. असा अर्ज नामंजूर होतो, किंवा मंजूर झालाच तर त्या घराला आणि त्या माणसाला न शोभणारे शस्त्र कपाटात येऊन पडते. आपल्याकडे परवाना शस्त्राच्या प्रकारासह मिळतो. बाराबोअरच्या, म्हणजे छर्ऱ्यांची काडतुसे उडवणाऱ्या लांब नळीच्या बंदुकीच्या परवान्यावर पिस्तूल घेता येत नाही, त्यामुळे निवड अर्ज भरण्याआधीच पक्की झालेली असावी लागते. पुढील टप्पे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांना धरून, महाराष्ट्र आणि गोव्यातील सामान्य नागरिकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १: धोका कोणता, ते कागदावर लिहा

कोणापासून, कोठे आणि कोणत्या वेळी धोका आहे, हे आपल्या शब्दांत एका पानावर लिहून काढावे. गावठाणापासून दूर, वस्तीवरच्या एकाकी घरात राहणाऱ्याचा धोका वेगळा असतो, रोख रक्कम किंवा दागिने घेऊन रात्री दुकान बंद करणाऱ्याचा वेगळा असतो, आणि रानडुकरांनी भाताचे किंवा केळीचे नुकसान होणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याचा तर पूर्णपणे निराळा असतो. तिघांना तीन वेगळी शस्त्रे लागतील. कदाचित त्यांतल्या एकाला शस्त्र लागणारही नाही.

हे पान लिहून झाल्यावर प्रत्येक धोक्यासमोर आपण आजवर काय केले, तेही लिहावे. मागच्या दाराला आतून आडणा किंवा लोखंडी पट्टी आहे का, पडवीच्या खिडकीला गज आहेत का, अंगणात रात्रभर जळणारा दिवा आहे का, शेजाऱ्यांना हाक ऐकू जाते का, आणि घरातल्या प्रत्येकाला ११२ हा क्रमांक माहीत आहे का? घरफोडी करणारा माणूस सहसा सोपे दार शोधतो. ज्या घराचे मागचे दार खांद्याच्या एका धक्क्याने उघडते, त्या घराला बंदुकीचा फारसा उपयोग नाही, कारण झोपेतून उठून कपाट उघडेपर्यंत माणूस आत आलेला असतो. म्हणून दारे, गज आणि दिवे यांवरचा खर्च आधी करावा. शस्त्राचा खर्च त्यानंतर येतो.

*तपासणी:* या पानावर मागील घटनांच्या तारखा, पोलिसांत दिलेल्या तक्रारींचे क्रमांक किंवा धमकीचे पुरावे लिहिता येत नसतील, तर अर्जाचे कारण अजून तयार झालेले नाही, असे समजावे.

टप्पा २: घरातल्या माणसांचा प्रामाणिक विचार करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. घरात दारूचे व्यसन असलेली व्यक्ती असेल, कौटुंबिक भांडणे हातघाईवर येत असतील, कोणी दीर्घकाळ नैराश्यात असेल किंवा पूर्वी जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केलेला असेल, तर त्या घरात बंदूक आणू नये. ती बाहेरच्या चोरासाठी आणलेली असते, पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सहवास घरच्यांनाच असतो, आणि एका वाईट रात्री घेतलेला निर्णय बंदुकीपुढे मागे घेता येत नाही. अशा अडचणीत ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

लहान मुले असतील तर शस्त्र कोठे ठेवले जाईल आणि किल्ली कोणाकडे राहील, हे परवान्याआधीच ठरवावे. ‘आमची मुले हात लावत नाहीत’ या भरवशावर काहीही सोडू नये.

कायद्याची अट येथेच पाहून घ्यावी. सामान्यतः २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली व्यक्ती शिक्षेनंतर ठरावीक काळ अपात्र असते, आणि शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून दिलेल्या व्यक्तीलाही त्या मुदतीत परवाना मिळत नाही.

टप्पा ३: शस्त्राचा प्रकार निवडा

प्रथम मर्यादा समजून घ्यावी. नागरिकाला मिळणारी शस्त्रे नॉन प्रोहिबिटेड बोअर (ज्या मापाच्या नळीला बंदी नाही), म्हणजे बोलीभाषेत ‘एनपीबी’, या वर्गातली असतात. त्यांत बाराबोअर बंदूक, पॉइंट ३२ चे रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल, पॉइंट २२ ची शस्त्रे आणि पॉइंट ३१५ ची रायफल ही नेहमीची नावे आहेत. ९ मिलिमीटरचे पिस्तूल किंवा पॉइंट ३०३ ची रायफल प्रोहिबिटेड बोअरमध्ये मोडते. त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो आणि सामान्य अर्जदाराने त्याच्या मागे लागू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रे बाळगता येतात.

आता बाराबोअरपासून सुरुवात करू. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये, नळीची लांबी २० इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठीचा परवाना आणि इतर शस्त्रांचा परवाना यांत फरक केलेला आहे. इतर शस्त्रांसाठी ‘पुरेसे कारण’ असल्याबद्दल परवाना प्राधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. बाराबोअरसाठी कायद्याची भाषा अर्जदाराला अधिक अनुकूल आहे. ती बातमी अनेक अर्जदारांपर्यंत पोहोचतच नाही आणि ते रिव्हॉल्व्हरसाठीच अडून बसतात. याचा अर्थ बाराबोअरचा परवाना हक्काने मिळतो असा मात्र नाही, कारण सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता या कारणांवरून तो नाकारण्याचा अधिकार कलम १४ मध्ये आहेच.

स्वतंत्र घर, वाडा किंवा शेतावरची वस्ती यांसाठी दुनळी बाराबोअर ही माझी पहिली शिफारस आहे. ती मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की भरलेली आहे की रिकामी हे अंधारातही बोटाने चाचपून कळते. नव्या माणसासाठी याहून मोठा सुरक्षेचा गुण दुसरा नाही. पंप ॲक्शन बंदुकीत, म्हणजे नळीखालची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकीत, काडतुसे जास्त बसतात, परंतु पंप अर्धवट ओढल्याने काडतूस अडकण्याची चूक घाबरलेल्या हातांकडून हमखास होते. ज्याला वर्षातून काही वेळा तरी सराव करता येणार नाही, त्याने ती घेऊ नये.

बाराबोअरबद्दल एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे, तो असा की छर्रे पसरतात म्हणून नेम धरावा लागत नाही. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या चार-पाच मीटरांत छर्ऱ्यांचा झुबका साधारण तळहाताएवढाच राहतो, त्यामुळे नेम चुकला तर सगळे छर्रे एकत्रच चुकतात आणि मागच्या दारातून पलीकडे जातात. काडतुसांवर एलजी, एसजी, बीबी किंवा चार, सहा असे आकडे असतात. एलजी आणि एसजीमध्ये मोजके मोठे छर्रे असतात, ते लाकडी दार आणि पातळ भिंत सहज ओलांडतात, तर मोठ्या आकड्याच्या काडतुसांत बारीक छर्रे पुष्कळ असतात. काडतूस निवडताना पहिला प्रश्न ‘पलीकडच्या खोलीत कोण झोपते’ हाच असावा.

रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांची गरज मुख्यतः प्रवासात किंवा व्यवसायाच्या जागी धोका असणाऱ्यांना असते. घरात नेम धरायला ती बंदुकीपेक्षा कितीतरी अवघड असतात. छोट्या नळीचा नेम मनगटाच्या किंचित हालचालीनेही ढळतो, आणि रिव्हॉल्व्हरचा जड चाप ओढताना नवख्या माणसाच्या हातून नळी खाली झुकते. तरीही हातातले शस्त्रच हवे असेल, तर नवख्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे. त्याचा सिलिंडर बाहेर काढला की सगळी घरे एका नजरेत दिसतात. पिस्तुलाचे मॅगझिन काढल्यानंतरही एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, राहू शकते, हे विसरल्याने ‘रिकाम्या’ पिस्तुलातून बार उडतो.

पॉइंट ३१५ ची रायफल घराच्या रक्षणासाठी घेऊ नये. तिची गोळी विटांच्या भिंतीचा भरवसा ठेवू देत नाही आणि शेतातून सुटली तर पुढच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तर कोणतेही शस्त्र घेण्याआधी आपल्या चारही भिंतींपलीकडे, वर आणि खाली कोण राहते, याचा नकाशाच काढावा. चार इंची भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे मूल झोपत असेल, तर मजबूत सेफ्टी डोअर हेच त्या घराचे योग्य शस्त्र आहे.

पिकाच्या रक्षणासाठी कायद्याने ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या, बंदुकीची वेगळी तरतूद केली आहे, आणि ती पुरेशी नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मिळू शकते. मात्र पीकसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ स्वतंत्रपणे लागू असतो, आणि रानडुकराला मारण्याआधी वनविभागाचे लेखी आदेश काय आहेत हे पाहावेच लागते.

*सावधान:* स्वस्तात मिळणारा गावठी कट्टा हा या यादीतला पर्याय नाही. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद आणि दंड होतो. शिवाय त्याची नळी कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते, त्यामुळे ती हातातच फुटू शकते.

टप्पा ४: अर्ज करा

पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत, परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतात. इतरत्र ते काम जिल्हादंडाधिकारी या नात्याने जिल्हाधिकारी करतात. वैयक्तिक अर्ज ए-१ या नमुन्यात भरायचा असतो. त्यासोबत जन्मतारीख, ओळख आणि निवासाचे पुरावे, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लागते. शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही नियमांत आहे. ते प्रशिक्षण आधीच घ्यावे, कारण तेथे वेगवेगळी शस्त्रे प्रत्यक्ष हातात येतात आणि तिसऱ्या टप्प्यातला निर्णय चुकला असेल तर तो सुधारायची हीच शेवटची संधी असते.

अर्जाचे यश कारणाच्या मजकुरावर ठरते. ‘सध्या गुन्हेगारी वाढली आहे, तरी स्वसंरक्षणार्थ परवाना मिळावा’ या वाक्यात अर्जदाराबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘माझे राहते घर गावठाणापासून दोन किलोमीटरवर गट क्रमांक अमुक येथे शेतात आहे. जवळचे घर चारशे मीटरवर आहे. अमुक तारखेला रात्री घराचे मागील दार तोडण्याचा प्रयत्न झाला, त्याची नोंद अमुक पोलीस ठाण्यात अमुक क्रमांकाने आहे. दार, गज व प्रकाशाची व्यवस्था केली असून तिची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. घरातील शस्त्र ठेवण्याचे लोखंडी कपाट भिंतीत पक्के केले आहे.’ पहिल्या टप्प्यात लिहिलेले पान येथे जसेच्या तसे कामी येते.

अर्जानंतर पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. चौकशीला आलेल्या अंमलदाराला कपाट दाखवावे, मूळ कागद दाखवावेत आणि जुना एखादा गुन्हा किंवा अदखलपात्र तक्रार असेल तर ती आपणहून सांगावी. लपवलेली नोंद नंतर उघड झाली, तर खरी माहिती दडवल्याच्या कारणावरून मिळालेला परवानाही रद्द होऊ शकतो. अर्ज नामंजूर झाल्यास कारणांसह आदेशाची प्रत मागावी आणि कलम १८ नुसार मुदतीत अपील करावे. बऱ्याच जणांच्या हातून ही मुदत केवळ चिडून बसल्यामुळे निघून जाते.

*तपासणी:* परवाना हातात आल्यावर राष्ट्रीय माहितीकोशातला आपला विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, शस्त्राचा प्रकार, काडतुसांची मर्यादा, वैधतेचे क्षेत्र आणि मुदतीच्या तारखा या पाच गोष्टी कार्यालयातच वाचून पाहाव्यात. नावाच्या स्पेलिंगची चूकही त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यावी.

टप्पा ५: खरेदी आणि पाहणी

परवानाधारक विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. जुनी बंदूक दुसऱ्या परवानाधारकाकडून घ्यायची असल्यास, विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबणे कायद्याने आवश्यक आहे. तोंडी व्यवहार, ‘नंतर नावावर करू’ असा व्यवहार आणि पैसे देऊन शस्त्र आधी घरी नेणे, हे तिन्ही प्रकार गुन्ह्यात जमा होतात.

दुनळी बंदूक पाहताना ती आधी उघडून रिकामी असल्याची खात्री करावी. मग उजेडाकडे धरून नळ्यांच्या आतून पाहावे. आतला उजेड गोल आणि अखंड दिसला पाहिजे. मध्येच गडद कडे दिसले, तर तेथे नळी फुगलेली किंवा चेपलेली असते, आणि ती बंदूक कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. बंद केल्यावर दस्ता आणि नळी धरून हलकेच हलवावे. बिजागरीपाशी टकटक जाणवली, तर नळी घट्ट बंद ठेवणारे बंदुकीचे कुलूप झिजलेले आहे. सेफ्टी लावल्यावर चाप दाबला जाता कामा नये. शेवटी शस्त्रावरचा क्रमांक, बिल आणि परवाना यांतले आकडे एकेक अंक बोट ठेवून जुळवावेत.

काडतुसे थोडी आणि ताजी घ्यावीत. पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्याची बाराबोअर काडतुसे आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात आहेत. घरात जुनी कागदी कवचाची काडतुसे शिल्लक असतील तर ती वापरू नयेत. कोकणातल्या पावसाळ्यात त्यांचे कवच दमटपणाने फुगते. असे काडतूस नळीत अर्धेच शिरते आणि काढताना पितळी बूड निघून कागद आतच राहतो. ती विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावीत. काडतुसांच्या खरेदीची आणि वापराची नोंद एका वहीत ठेवावी आणि रिकामी कवचेही जपून ठेवावीत, म्हणजे हिशेब मागितल्यास दाखवता येतो.

टप्पा ६: घरात ठेवणे आणि निगा

शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत. दुनळी असेल तर नळी आणि दस्ता सुटे करून ठेवावेत. कपाट भिंतीत किंवा फरशीत बोल्टने पक्के केलेले असावे, कारण सुटे कपाट चोर उचलून नेतो. किल्ली देव्हाऱ्यात, खुंटीवर किंवा फ्रिजवर ठेवण्याची सवय असेल तर ती त्या दिवसापासून मोडावी. ‘मग वेळेवर हाताशी कशी येणार?’ असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर पहिल्या टप्प्यात आहे: दाराने दिलेल्या दोन-तीन मिनिटांत ती हाताशी येते. दार तेवढा वेळ देत नसेल, तर दार बदलावे.

चामड्याच्या म्यानात शस्त्र साठवून ठेवणे ही कोकण आणि गोव्यातली नेहमीची चूक आहे. चामडे ओल धरते आणि एका पावसाळ्यात नळीवर गंज चढतो. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कोरड्या कापडाने पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. तेल जास्त झाले तर ते काडतुसांपर्यंत जाते आणि मिसफायर होतो, म्हणजे चाप दाबूनही बार उडत नाही.

हाताळण्याचे नियम चार आहेत आणि त्यांना अपवाद नाही. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजावे, नळी कधीही माणसाकडे नेऊ नये, नेम धरून निर्णय झाल्याशिवाय बोट चापावर ठेवू नये, आणि समोर तसेच त्याच्या मागे काय आहे हे पाहिल्याशिवाय बार काढू नये. चाप दाबूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, मगच उघडावी.

*सावधान:* लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र मिरवल्यास परवानाही जाऊ शकतो.

टप्पा ७: त्या रात्री काय करायचे, ते आधी ठरवा

घरातली एक खोली निश्चित करावी, शक्यतो आतून मजबूत कडी असलेली आणि फोनला रेंज येणारी. आवाज आला की सर्वांनी त्याच खोलीत यायचे, दार लावायचे, ११२ ला फोन करायचा आणि मोठ्याने सांगायचे की पोलीस निघाले आहेत. शस्त्र घेऊन अंधाऱ्या घरात चोराला शोधत फिरू नये. पाणी प्यायला उठलेला मुलगा, उशिरा परतलेला भाऊ किंवा मदतीला धावून आलेला शेजारी याच क्षणी समोर येतो. म्हणून सर्व जण खोलीत आहेत का, हे नावे घेऊन मोजावे, आणि टॉर्चच्या उजेडात ओळख पटल्याशिवाय नळी कोणाकडेही वळवू नये.

खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. सूर्यास्तानंतरची घरफोडी, जबरी चोरी आणि राहत्या घराला आग लावणे अशा ठरावीक प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणात मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जातो, तरी कलम ३७ ची मर्यादा त्यावर कायम असते: पोलिसांची मदत घेण्यास वेळ असेल तर हक्क राहत नाही, आणि गरजेपेक्षा अधिक इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी या मर्यादेत बसवणे फार कठीण असते. कुंपणाबाहेर गेलेल्या माणसावर बार काढू नये.

प्रसंग घडलाच तर शस्त्र सुरक्षित करून खाली ठेवावे, ११२ आणि १०८ दोन्हींना कळवावे, जखमी कोणीही असो त्याला मदत मिळू द्यावी, जागेवरची एकही वस्तू हलवू नये आणि सविस्तर जबाबाआधी वकिलाशी बोलावे.

टप्पा ८: मुदत, निवडणूक आणि वारसा

२०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षे आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी द्यावा आणि त्याची पोच परवान्यासोबत ठेवावी. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आल्यास ते विनाविलंब जमा करून पावती घ्यावी. आपल्या बाबतीत तशी गरज नाही असे वाटत असेल, तर कोणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीकडे लेखी अर्ज करावा, शस्त्र घरी दडवून ठेवू नये. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.

वारसाची बाजू जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात राहून जाते. परवानाधारकाचे निधन झाले की त्या बंदुकीचा परवाना घरातल्या कोणाकडेच नसतो, आणि ‘आजोबांची आठवण’ म्हणून ती माळ्यावर ठेवणे हा विनापरवाना ताबाच ठरतो. वारसांनी ती लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि ती ठेवायची इच्छा असेल तर मृत्युदाखला, वारसाचा पुरावा आणि इतर वारसांची संमती जोडून स्वतःच्या नावे अर्ज करावा. परवानाधारक ७० वर्षांचा झाल्यावर, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगून झाल्यावर, हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागण्याची सोय नियमांत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचे वय तेवढे झाले असेल, तर पुढच्या नूतनीकरणाची वाट न पाहता त्यांच्यासोबत परवाना शाखेत जाऊन हा अर्ज देऊन यावा.